सेनापती कुठे होता?

(स्वातंत्र्यदिनी सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



झेंडावंदनानंतर दहा मिनिटं बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं. मी बँकेतला माणूस. बंदूक पाहिली ती शाखेच्या दारातल्या गार्डच्या खांद्यावर. पण लष्करी इतिहास वाचायचा नाद जुना आहे. आज तीन सेनापतींची गोष्ट सांगतो. प्रश्न एकच, ऐन वेळी ते होते कुठे?

पहिले मेजर जनरल थिमय्या. १९४८ साली झोजी ला खिंड शत्रूच्या ताब्यात होती आणि श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता तिथूनच जातो. लेह एकटं पडलं. सोनम नोरबू या इंजिनिअरने तिथे धावपट्टी तयार केली होती, पण एवढ्या उंचीवरच्या त्या पट्टीवर विमान कधी उतरलंच नव्हतं. २४ मे रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी पहिलं डकोटा तिथे उतरवलं. त्या विमानात थिमय्या स्वतः बसले होते.

सप्टेंबरात खिंडीवरचे आपले हल्ले फसले. मग थिमय्यांनी तिथे चक्क रणगाडे न्यायचं ठरवलं. मद्रास सॅपर्सनी वाट रुंद केली. १ नोव्हेंबरला सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे खिंडीत घुसले आणि सर्वांत पुढच्या रणगाड्यात थिमय्या होते. वास्तविक डिव्हिजनच्या प्रमुखाची जागा मागे, नकाशापाशी. तो पडला तर सगळंच कोलमडायचं. पण एवढ्या उंचीवर रणगाडे चालतील यावर जवानांनी विश्वास ठेवायचा कसा? ज्याची योजना, तोच पुढे बसला. खिंड घेतली गेली आणि तो महिना संपायच्या आत लेहचा रस्ता मोकळा झाला.

दुसरं उदाहरण कडू आहे. ऑक्टोबर १९६२, नेफातली नामका चू नदी. चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल कौल. ते पुढे गेलेच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते डोंगर तुडवत नदीवर पोहोचले, १० ऑक्टोबरची चकमक त्यांनी डोळ्यांनी पाहिली. जवानांच्या अंगावर उन्हाळी कपडे, दारूगोळा अपुरा. हे सांगायला ते दिल्लीला गेले, पण ब्रिगेड नदीकाठच्या त्या अडचणीच्या जागेवरच राहिली. पुढे कौल आजारी पडले, त्यांना दिल्लीला हलवलं आणि घरच्या बिछान्यावरून ते कोअर चालवत राहिले. २० ऑक्टोबरला चिन्यांनी हल्ला केला. ब्रिगेडिअर दळवी आपल्या माणसांबरोबरच होते, ते कैद झाले. आजारपण कुणाच्या हातात नसतं. पण मग दुसऱ्याच्या हाती सूत्रं द्यायला हवी होती की नको?

तिसरे लेफ्टनंट जनरल सगतसिंग. गंमत बघा, कोअर तीच, चौथी. साल १९७१. मूळ योजनेत या कोअरचं काम मेघना नदीपर्यंतच होतं. आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तान्यांनी उडवला. सगतसिंग हेलिकॉप्टरमधून स्वतः पाहणी करत फिरत. एकदा त्यांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला, वैमानिक जखमी झाला, तरी त्यांचं फिरणं थांबलं नाही. पलीकडे कुठे मोकळं आहे हे त्यांनी पाहिलं आणि ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांनी जवान नदीपार उतरवले. ढाक्याची वाट उघडली. १६ डिसेंबरला काय झालं, ते लहान मुलंही सांगतील.

तिघांकडे पाहून मला एवढंच कळतं. सेनापतीने रोज गोळ्या झेलाव्यात असं नाही. पण जी गोष्ट कागद सांगू शकत नाही, ती पाहायला त्यानेच गेलं पाहिजे. आणि पाहिल्यावर हुकूम बदलायची धमकही पाहिजे, नाहीतर जाणं हे नुसतं दर्शन देणं होतं. बँकेत आम्ही हेच अनुभवलं. स्टेटमेंटवर कारखाना जोरात असायचा, शेडमध्ये गेलं की मशीनवर धूळ. पण तिथे चूक झाली तर बँकेचे पैसे बुडायचे. नामका चूवर माणसं गेली.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी कॅप्टन होईल, कुणी कारखान्याचा मॅनेजर, कुणी या सोसायटीचा चेअरमन. हुकूम देण्याआधी ती जागा एकदा पायाखाली घाला. तुमच्या हुकुमावर जाणारी माणसं तुमचं वाक्य विसरतील, पण तुम्ही कुठे उभे होतात हे विसरणार नाहीत.

जय हिंद!