झांकलेलें काम

नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून पुण्यास आणण्यांत आलें. तें शनिवारवाड्यास मिळे, तसेंच पेठांतील हौदांसही मिळे. या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून आंत डोकावतां येई, सांचलेला गाळ काढतां येई. ज्यांनीं तें काम केलें, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जें काम जमिनीखालीं जावयाचें, तें पाहण्याची सोय आधींच करून ठेवावी लागते.

आजच्या घरांतील पाण्याची नळी भिंतीच्या पोटांत असते. तिच्यावर गिलावा आणि गिलाव्यावर गुळगुळीत फरशी. तिला उच्छ्वास नसतो. पुण्यांतील एका सुशिक्षित कुटुंबास याचें मोल कसें द्यावें लागलें, ती हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

गृहस्थ टपालखात्यांतून निवृत्त झालेले. वडिलांनीं बांधलेलें दुमजली घर, घरांत पतिपत्नी दोघेंच. मुलगी लग्न होऊन नागपुरास. घरांतील नळ जुन्या पद्धतीचे, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. अशा नळांचा मुलामा कालांतरानें झिजतो, आंतून गंज धरतो आणि पाण्याची वाट अरुंद होत जाते. सकाळीं पहिलें पाणी तांबूस येऊं लागलें, तेव्हां सर्व नळ बदलून न्हाणीघरही नवें करावें असें ठरलें. हें २०२२ सालच्या दिवाळीनंतरचें.

तिघांकडून अंदाज आले. पहिला दोन लाख साठ हजारांचा, दुसरा दोन लाख चाळीस हजारांचा. तिसरा कंत्राटदार नात्यांतल्या एका घरीं काम केलेला. त्यानें सर्व कांहीं एक लाख सत्तर हजारांत करून देतों, असें सांगितलें. माणूस मोठा गोड बोलणारा. "काका, हें घर माझेंच समजा. तुम्हीं फक्त फरशीचा रंग निवडा," असें म्हणून त्यानें चहा घेतला आणि पंचाऐंशी हजारांचा धनादेशही घेतला. कागदावर काय लिहिलें? 'नळकाम व न्हाणीघर, एकूण' एवढेंच. नळी कोणत्या जातीची, सांधे तपासणार कोण, हमी किती दिवसांची, यांतील एकही ओळ नाहीं. उरलेली रक्कम रोख द्यावी, असें त्यानेंच सुचविलें. पक्कें बिल केल्यास वर अठरा टक्के कर पडेल. गृहस्थांनींही तें मान्य केलें. उभा जन्म सरकारी हिशेबांत पैचीही चूक न करणारा हा मनुष्य त्या दिवशीं कर वांचला म्हणून मनांत थोडा सुखावला, हें येथें सांगितलेंच पाहिजे.

नळ्या भिंतींत बसल्या त्या दिवशीं पत्नीनें सुचविलें, "अहो, फरशी लावण्यापूर्वीं एकदां पाणी भरून पाहायला सांगावें. माझ्या भावाकडे तसें केलें होतें."

गृहस्थ म्हणाले, "अगं, ओळखीचा माणूस. त्याच्यावर अविश्वास दाखवणें बरें दिसत नाहीं."

वास्तविक ही परीक्षा अगदीं साधी असते. सांधे जोडल्यावर ते पक्के होण्यास पुरता वेळ द्यावयाचा, नळ्यांचीं सर्व तोंडें बंद करून आंत पाणी भरावयाचें, हातपंपानें दाब चढवावयाचा आणि दाबमापकाचा कांटा पाहावयाचा. कांटा खालीं सरकला, तर पाणी कोठें तरी वाट काढीत आहे. एका सेकंदास एक थेंब गळाला, तरी दिवसाकाठीं सुमारें चार लिटर पाणी जातें. आणि भिंतीच्या पोटांत तें जातें कोठें? भिंतींतच. पण 'बरें दिसत नाहीं' या तीन शब्दांवर ती परीक्षा राहिली. दुसऱ्या दिवशीं फरशी लागली. आठवड्यानें काम पुरें झालें. न्हाणीघर आरशासारखें चकाकूं लागलें आणि उरलेले पैसेही दिले गेले.

पुढील जुलैंत न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर ओल दिसली. कंत्राटदार दूरध्वनीवर म्हणाला, "काका, पावसाळ्याची ओल आहे. दिवाळीपर्यंत वाळेल." दिवाळी गेली, संक्रांत गेली, ओल मात्र वर चढत राहिली. त्या भिंतीला पुस्तकांचें कपाट होतें. वडिलांनीं जमविलेले मासिकांचे बांधीव अंक खालच्या कप्प्यांत होते. फाल्गुनांत ते काढूं गेलें, तों पानांस पानें चिकटलेलीं आणि मागच्या फळीस वाळवी. गृहस्थ बराच वेळ हातांत तो लगदा घेऊन बसून होते. त्या अंकांच्या समासांत वडिलांच्या हातच्या टिपा होत्या. त्या आतां कोणालाही वाचतां येण्यासारख्या उरल्या नव्हत्या. कंत्राटदारानें दूरध्वनी उचलणें एव्हांना बंद केलें होतें.

पत्नीनें एका रात्रीं सर्व तोट्या बंद करून गच्चीवरील टाकींत पाण्याच्या पातळीची खूण केली. सकाळीं पाणी चार बोटें उतरलेलें होतें. मग पेठेंतील एका वृद्ध नळकारागिरास बोलावलें. त्यानें आधीं दाब देऊन पाहिला. कांटा पाहतां पाहतां उतरला. नंतर ओलीचा माग काढीत चार फरश्या फोडल्या. आंतून निघालेला नळीचा तुकडा पुसून त्यानें गृहस्थांच्या हातीं दिला. त्यावर छापलेला भारतीय मानकाचा आंकडा होता ४९८५.

हा आंकडा साध्या पी.व्ही.सी. नळीचा. ती थंड पाण्यास उत्तम, परंतु कढत पाण्यानें मऊ पडते आणि तिचे सांधे ढिले होतात. गरम पाण्यासाठीं सी.पी.व्ही.सी. नांवाची निराळी नळी असते. तिच्यावर १५७७८ हा आंकडा असतो. पाणी तापविण्याच्या यंत्राखालीं, जेथें नळी उघडी दिसत होती, तेथें १५७७८ होता. भिंतीआड सर्वत्र ४९८५. दिसे तेथें एक आणि झांकलें तेथें दुसरें.

नवें काम बहात्तर हजारांस पडलें. कायदा गृहस्थांच्या बाजूस होता. मोबदला घेऊन केलेलें असें काम ही ग्राहक संरक्षण कायद्यानें 'सेवा' ठरते. घरबांधणीसही तें लागू आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणीं १९९३ सालींच सांगितलें. २०१९ च्या कायद्याप्रमाणें तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे जातां येतें आणि मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाहीं. पण आयोगापुढें पुरावा लागतो. बिल नाहीं, रोख दिलेल्या पैशांची पावती नाहीं, नळीच्या जातीचा करार नाहीं! हातीं होता तो एक धनादेश, भ्रमणध्वनीवरील कांहीं संदेश आणि तो फुटका तुकडा. तेवढ्यावर वकिलाची नोटीस गेली. कंत्राटदार एका संध्याकाळीं आला आणि चाळीस हजार ठेवून, न बसतां निघून गेला. गृहस्थांनीं प्रकरण तेथेंच मिटविलें. मासिकांचे अंक कोणताही आयोग परत देऊं शकत नव्हता.

'भीड भिकेची बहीण' ही म्हण घरोघर ठाऊक असते. परंतु ती आठवते नुकसान झाल्यावर. कामापूर्वीं विचारलेला प्रश्न म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक कारागिराला तो प्रश्न आवडतो, कारण त्याच्या चांगल्या कामाला त्यामुळें साक्षीदार मिळतो. त्या वृद्ध कारागिरानें तर स्वतःच अट घातली. नळीवरील आंकडे मालकानें वाचून घ्यावे, दाबाची परीक्षा दोघांनीं मिळून पाहावी, भिंत बुजण्यापूर्वीं छायाचित्रें काढावीं, पैसे टप्प्याटप्प्यानें द्यावे आणि दहावा हिस्सा एक पावसाळा उलटेपर्यंत हातीं ठेवावा. त्यानें बिलही दिलें, आणि या वेळीं गृहस्थांनीं कर मुकाट्यानें भरला.

नव्या कामांत न्हाणीघराच्या मागच्या भिंतीस, मुख्य सांध्यांसमोर, वीतभर लांबरुंद एक झडप ठेवली आहे. ती उघडली कीं नळ्या दिसतात आणि पाणी बंद करण्याची चावीही हातीं लागते. पत्नी महिन्यांतून एकदां ती उघडून आंत बोट फिरवून पाहते. बोट कोरडें निघतें. घरांत त्या झडपेला सर्वजण 'उच्छ्वास' म्हणतात.