गोदीवरून आलेली पत्रे



१६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत, पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात आंदण मिळालेले मुंबई बेट इंग्रजांच्या प्रत्यक्ष ताब्यात आले. ज्या दुसऱ्या चार्ल्सला ते आंदण मिळाले, त्याच्या आरमाराचे त्या काळचे दफ्तर आज आपल्यापुढे सोडावयाचे योजिले आहे. कारण लंडनच्या आरमार कचेरीचा चिटणीस सॅम्युअल पेपिस आणि पोर्टस्मथच्या गोदीचा कमिशनर टॉमस मिडल्टन यांच्या पत्रव्यवहारात राज्यकारभाराचे जे उघडेवाघडे दर्शन घडते, ते तहनाम्यांत सहसा घडत नाही.

पेपिस १६६० साली वशिल्याने या जागेवर आला तेव्हा त्याला जहाजातले काही कळत नव्हते. परंतु एकोणतिसाव्या वर्षी पहाटे चारला उठून, एका दर्यावर्द्याजवळ शिकलेले पाढे घोकणारा, आणि ओंडक्यांच्या मोजमापात सरकारची फसवणूक कशी होते हे प्रत्यक्ष अरण्यात जाऊन समजून घेणारा हा चिटणीस मला फार मोठा वाटतो.

१६६५ साली वलंदेजांशी युद्ध जुंपले आणि खजिन्यात खडखडाट. गोदीकामगारांचा पगार महिनोन्महिने तुंबला. एकदा त्यांनी दंगा केला, तेव्हा मिडल्टनने त्यांच्यातल्याच एकाच्या हातची काठी हिसकावून घेतली आणि ती इतक्या नेटाने चालवली की, वर्षभरात दुसऱ्या कोणत्याही कामात आपण एवढे श्रम घेतले नाहीत, असे त्याने स्वतःच कचेरीला कळविले. त्याच काळात हाच गृहस्थ लिहितो की, घरमालकांनी या माणसांना दाराबाहेर काढले आहे, ती अन्नावाचून मरत आहेत, काहीतरी पाठवा. ही दोन पत्रे शेजारी ठेवून वाचली म्हणजे मिडल्टनचा राग येत नाही. ज्याच्या हाती अधिकार दिला पण रोकड दिली नाही, अशा अंमलदाराची ती दोन्ही पत्रे आहेत.

पेपिसजवळ तरी रोकड कोठे होती? खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळत आणि त्या पोटासाठी भरमसाट कसर सोसून विकाव्या लागत. आपल्याकडे १६७५ च्या जानेवारीत प्रभावळीच्या सुभेदाराने पद्मदुर्गास व आरमारास ऐवज आणि गल्ला पोचविण्यात हयगय केली, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याला किती खरमरीत पत्र लिहिले, हे आपणांस ठाऊकच आहे. तेथे हयगय सुभ्यात होती आणि तिला जाब विचारणारा सिंहासनावर होता; लंडनची बाकी खुद्द राजाच्याच खजिन्याकडे असल्यामुळे मिडल्टनची पत्रे कचेरीपर्यंत येत आणि तेथेच थबकत.

परिणाम १६६७ च्या जून महिन्यात दिसला. पैशाअभावी मोठी जहाजे चॅटमजवळ नुसती नांगरून ठेवलेली होती. वलंदेज मेडवे नदीत शिरले, वाट अडविणारी साखळी तोडली, जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ ओढून नेले. शत्रूच्या गलबतांवरून इंग्रज खलाशी ओरडून सांगत होते, असे पेपिसच्या कानी आले, की पूर्वी आम्ही चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोकडीसाठी लढतो. खापर फुटले ते चॅटमचा कमिशनर पीटर पेट याच्यावर. धांदलीत त्याने होड्यांतून आपले जहाजांचे नमुने हलविले होते, आणि हे नमुने शत्रूच्या हाती पडणे जहाजांपेक्षा घातक ठरले असते, ही त्याची कैफियत कोणी ऐकली नाही. त्याची रवानगी लंडनच्या टॉवरच्या कैदेत झाली. पेटच्या हातून चुका झाल्या असतील, पण सगळा भार त्या एका माणसाच्या डोक्यावर टाकणे हा मला अन्याय वाटतो.

पेपिस निभावला. ५ मार्च १६६८ रोजी पार्लमेंटापुढे उभा राहून तो तीन तासांहून अधिक बोलला, आणि त्या दिवशी जाब विचारला जात होता तो त्याच चिठ्ठ्यांचा.