येत राहणारा माणूस



टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेत काम करायची इच्छा असलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. निवृत्त शिक्षिका, मुलं परदेशी गेलेली जोडपी, रविवार मोकळा असलेले तरुण मला नेहमी भेटतात आणि विचारतात, ‘‘आम्ही जाऊन मुलांना थोडं प्रेम देऊ का?’’ विचारणाऱ्याचा चांगुलपणा मला समजतो. पण थोड्या प्रेमानं या मुलांचं भागत नाही, कधीकधी त्यानं इजाच होते. ते कसं, हे आज सांगायचं आहे. सुरुवात पंढरपुरापासून करते.

लालशंकर उमियाशंकर नावाचे गुजराती गृहस्थ पंढरपुरात न्यायाधीश होते. १८७५ साली त्यांनी तिथे टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. प्रार्थना समाजानं तो चालवला आणि पुढे तो वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावानं ओळखला जाऊ लागला. पंढरपूरच का? कारण वाट चुकलेल्या किंवा फसवल्या गेलेल्या विधवेला घराबाहेर पडायला यात्रेसारखं दुसरं निमित्त नव्हतं. विठोबाच्या दर्शनाला म्हणून यायचं, कुठेतरी बाळंत व्हायचं आणि हात रिकामे करून परतायचं. त्या काळात हात रिकामे करण्याचे मार्ग फार भयंकर होते. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी त्याआधी, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, ते याच कारणासाठी. १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी स्वतः दत्तक घेतलं. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला.

पंढरपूरचा आश्रम निघाला आणि लगेच १८७६चा मोठा दुष्काळ आला. आता टाकलेल्या तान्ह्यांबरोबर भुकेनं आईबाप गेलेली मुलंही आली. मूर्तिपूजा न मानणारा प्रार्थना समाज विठोबाच्या गावात ही मुलं सांभाळत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. श्रद्धेच्या रीती वेगळ्या असतील, पण रात्री अपरात्री दार वाजलं की उठायचं, हा नेम दोन्हीकडे सारखाच लागतो.

दुसरं ठिकाण केडगाव. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या मुली घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातली संख्या सुमारे २००० वर गेली. एवढ्यांना सांभाळायचं कोणी? रमाबाईंनी मोठ्या मुलींच्या ओटीत लहान मुली घातल्या. विणकाम, छपाई, शेती, दूधदुभतं, सगळं मुलींनीच चालवलं. अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळं.

रमाबाईंबद्दल बोलायचं तर १८९३चा वाद टाळून चालणार नाही. त्यांनी आधी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सांभाळणाऱ्याच्या धर्माचा हा प्रश्न आजही विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. मी मुलांच्या ज्या आश्रमात जाते तो एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या भगिनी चालवतात आणि मी वारकऱ्याच्या घरातली. (मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचं नाव घेत नाही.) माझं मत सरळ आहे. मोठ्या माणसाची श्रद्धा त्याला पहाटे चारला उठवत असेल, तापलेल्या बाळापाशी बसवत असेल, तर ती श्रद्धा मुलाच्या कामी आली. पण मुलाला स्वतःचं नाव, भाषा, घरचा देव आठवत असेल तर ते त्याचं आहे, त्याला हात लावायचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं विसावं कलमही हेच सांगतं: घराबाहेर वाढणाऱ्या मुलाचा धर्म, संस्कृती आणि भाषा यांचा धागा शक्यतो तुटू देऊ नये. भारतानं ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तुम्ही आश्रमात पहिल्यांदा पाऊल टाकता. दोन-तीन वर्षांची मुलं धावत येतात, पायाला मिठी मारतात, कडेवर चढतात. माणसाचे डोळे भरून येतात. बाहेर पडताना तो म्हणतो, ‘‘किती लळा लावला हो पोरांनी!’’ श्रोतेहो, घरात वाढलेलं दोन वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड लपतं. कोणाच्याही गळ्यात पडणारं मूल प्रेमळ असतं म्हणून तसं करत नाही. कोणता हात आपला आणि कोणता परका, हे शिकायची संधीच त्याला मिळालेली नसते. ती मिठी ही जखमेची खूण आहे.

रेने स्पिट्झ या मनोवैद्यानं १९४५ मध्ये दोन ठिकाणच्या अर्भकांची तुलना प्रसिद्ध केली. एक होतं स्वच्छ, नीट चालवलेलं अनाथालय, जिथे थोड्या परिचारिका पुष्कळ बाळांना सांभाळत. दुसरी होती स्त्रियांच्या तुरुंगातली पाळणाघराची खोली, जिथे कैदी आया आपापल्या बाळांना स्वतः घेत. तुरुंगातली बाळं बाळसं धरत होती. अनाथालयातली खंगत होती, कितीतरी दगावली. पुढे २००० नंतर रुमेनियात बुखारेस्टच्या सहा संस्थांमधल्या १३६ मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. त्यातली निम्मी मुलं संगोपन करणाऱ्या कुटुंबांत पाठवली गेली. जी दोन वर्षांची होण्याआधी गेली, त्यांना कोणाच्या तरी मायेत रुजणं सर्वांत चांगलं जमलं. बाळाला औषध, दूध, स्वच्छता हवीच. त्याबरोबर तोच चेहरा, तोच आवाज, तोच वास रोज हवा.

मग दर रविवारी नवी माणसं येऊन बाळांना कडेवर घेऊन गेली तर काय होतं? मूल रुजायला लागतं तोवर माणूस दिसेनासा होतो. एकदा टाकलं गेलेलं मूल पुन्हा पुन्हा टाकलं जातं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांना भेटी देणाऱ्या पर्यटक-स्वयंसेवकांच्या प्रथेचा धोका नोंदवला, तो यासाठीच.

म्हणून आमच्या आश्रमात नव्या स्वयंसेवकाला आधी बाळ देत नाहीत. त्याला मुलांना सांभाळणाऱ्या मावशींचं काम देतात. दुपटी, लंगोट, झबली धुवायची. चिमट्यांनी वाळत घालायची. दुधाच्या बाटल्या उकळायच्या. मोठ्या मुलींच्या केसातल्या उवा काढायच्या. खरूज आली की सगळ्यांच्या चादरी एकाच दिवशी उकळत्या पाण्यात घालायच्या. हे काम कोणी अंगावर घेतलं की मावशी मोकळ्या होतात आणि बाळापाशी जाऊन बसतात. कारण बाळाची ‘आपली’ माणूस मावशी आहे, तुम्ही नाही. हे मनापासून पटलं तरच या कामात यावं.

मोठ्या मुलांबरोबर मात्र बसता येतं. पाचवी-सहावीतली मुलं वाचनात मागे असतात, त्यांचं बोट धरून जोडाक्षरं गिरवून घेणारा माणूस हवा. पण वार ठरलेला, वेळ ठरलेली आणि निदान एक शालेय वर्ष. येणार नसाल तर आधी सांगायचं आणि परत कधी येणार तेही सांगायचं. मुलं कॅलेंडरवर खूण करतात.

वाढदिवसांबद्दलही बोलते. आपल्या बाळाचा पहिला वाढदिवस आश्रमात करायची रीत पडली आहे. केक, फुगे, मुलांनी रांगेत उभं राहून म्हटलेलं गाणं, मग फोटो. त्या मुलांमधल्या कितीतरी जणांना स्वतःची जन्मतारीख माहीत नसते, ती डॉक्टरांच्या अंदाजानं कागदावर आलेली असते. दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायला त्यांना उभं करू नये, असं मी हात जोडून सांगते. फोटो तर मुळीच नको. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या ७४व्या कलमानं अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करायला बंदी आहे. शिवाय दिवाळीत फराळाचे डबे ओसंडतात आणि जूनमध्ये शाळा उघडताना वह्या, दप्तरं, छत्र्या कमी पडतात. देणाऱ्यानं आधी अधीक्षिकेला फोन करावा.

कागदांचं कामही फार मोठं आहे. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. आईवडिलांनी स्वतः मूल सोपवलं तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. संस्थेत राहणाऱ्या अनेक मुलांची आई किंवा बाप हयात असतो. दारू, मजुरीसाठी स्थलांतर, आईचं आजारपण यांनी मूल इथे पोहोचलेलं असतं. अशा घराला बालसंगोपन योजनेचं अनुदान मिळालं तर मूल परत जाऊ शकतं. अर्ज भरणं, दाखले काढणं, तालुक्याच्या कचेरीत खेटे घालणं हे सगळं स्वयंसेवक करू शकतो. एक मूल घरी परतणं हे शंभर भेटींपेक्षा मोठं आहे, असं मी मानते.

आणि जी परत जाऊ शकत नाहीत, दत्तकही जात नाहीत, ती अठरा वर्षांची होतात. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते वेळेवर काढून ठेवायला कोणीतरी हवं असतं. त्याहून अवघड गोष्ट मुलींची. लग्न होऊन गेलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला कोणाकडे जाणार? दिवाळसणाला जावई कोणाच्या दारात येणार? सासरी एखादा शब्द बोलला गेला तर चार दिवस राहायला कुठे जाणार?

आमच्याकडच्या काही मुली त्यांना लहानपणी पाढे शिकवणाऱ्या बाईंकडेच बाळंतपणाला येतात. त्या बाई ओटी भरतात, डिंकाचे लाडू करतात आणि बारशाला आश्रमातल्या मावशींना आधी बोलावणं जातं. पण अशा बाई मोजक्याच आहेत. पुढच्या वर्षभरात आणखी मुली यायच्या आहेत. ज्यांना घरातली एक खोली तीन महिने मोकळी करता येईल, अशी कुटुंबं आम्हाला हवी आहेत. व्याख्यान संपल्यावर मी इथेच पायऱ्यांपाशी थांबते.