शिक्षा, तालीम आणि सरळ वाट

मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि ‘शिक्षण’ म्हणजे विद्या, ही वाटणी आता इतकी पक्की झाली आहे की दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. भारतीय विद्यापीठांच्या दीक्षान्त समारंभांत तैत्तिरीय उपनिषदातील ज्या समावर्तन-उपदेशाचे पडसाद आजही उमटतात, तो उपदेश मात्र ‘शीक्षावल्ली’ नावाच्या प्रकरणात येतो, आणि तेथे दंडाचा लवलेशही नाही. सेमिनरीतून ईश्वरविद्येची पदवी घेऊन मंडळ्यांच्या सेवेत रुजू होणाऱ्या स्नातकांनी हा फरक सोबत नेणे अगत्याचे आहे, कारण देव आपल्या लेकरांना शिक्षा करतो हे वाक्य त्यांना वारंवार उच्चारावे लागेल आणि समोरच्या बाकांवर बसलेल्यांना त्यातून बहुधा छडीच दिसेल.

या वाक्याचा मूळ आधार असलेले इब्री लोकांस पत्र दमलेल्या माणसांसाठी लिहिलेले आहे. त्या वाचकांची मालमत्ता लुटली गेली होती, त्यांची उघड निंदा झाली होती, रक्त सांडण्याची वेळ अजून आली नव्हती, पण चालत राहण्याचे बळ ओसरत होते. पत्राचा लेखक बाराव्या अध्यायात नीतिसूत्रांतील एका वचनाची आठवण देतो. तेथील हिब्रू शब्द ‘मूसार’, म्हणजे समज देऊन वळण लावणे, आणि त्यासाठी ग्रीकमध्ये आलेला शब्द ‘पायदेइया’, म्हणजे मुलाला घडवण्याचा दीर्घ संस्कार, ज्यात पाठांतर, व्यायाम, रागावणे आणि प्रसंगी मारही येत असे. पुढे त्याच अध्यायात या संस्काराने ‘तयार झालेल्यां’साठी जे क्रियापद योजले आहे ते ग्रीक व्यायामशाळेतले आहे, त्याला मराठीत ‘तालीम’ याहून नेमका शब्द सापडणार नाही, कारण पैलवान जेथे घुमतो ती जागा आणि त्याला मिळणारा सराव या दोहोंना मराठी माणूस तालीमच म्हणतो. तालमीत अंग दुखते, पण ते दुखणे कोणत्याही अपराधाचे प्रायश्चित्त नसते.

हाच मुद्दा त्या पत्राने आधी, पाचव्या अध्यायात, अधिक धीटपणे मांडलेला आहे. येशू पुत्र असूनही सोसण्यातून आज्ञापालन शिकला, असे तेथे म्हटले असून ‘एमाथेन’ (शिकला) आणि ‘एपाथेन’ (सोसले) या ग्रीक शब्दांचा यमकासारखा मेळ तेथे साधलेला आहे. ज्याच्या ठायी पाप नव्हते असे तेच पत्र सांगते, त्यालाही सोसून शिकावे लागले असेल, तर दुःख दिसताच त्यामागचे पाप शोधू लागण्याची सवय ख्रिस्ती विचारात बसत नाही. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात अरण्यातील चाळीस वर्षांना बापाने मुलाला लावलेले वळण म्हटले आहे, आणि लगतच्याच वचनात अंगावरची वस्त्रे झिजली नाहीत, पाय सुजले नाहीत, याची नोंद आहे; वळण लावणारा तोच मान्ना पुरवणाराही आहे.

मात्र शिस्तीच्या या शिकवणीतून दुःखाची ओढ निर्माण होऊ नये, याची काळजीही शास्त्रलेखांनी घेतली आहे. ‘पेइरास्मोस’ या ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ आहेत. याकोबाचे पत्र विश्वासाच्या कसोटीतून ‘ह्युपोमोने’, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहण्याची ताकद, निपजते असे म्हणते, आणि लगेच देव कोणाला मोहात पाडत नाही असेही बजावते. प्रभूच्या प्रार्थनेत तर परीक्षेत आणू नको अशीच विनवणी आहे. म्हणून उपचार टाळून आजार अंगावर काढणे किंवा मारझोड करणाऱ्या नवऱ्याकडे स्त्रीला क्रूस वाहायला परत पाठवणे याला सहनशीलता म्हणता येत नाही, आणि असा सल्ला देणाऱ्या पाळकाने आपला भित्रेपणा देवाच्या नावावर खपवलेला असतो.

खरा प्रश्न अर्थ लावण्याच्या अधिकाराचा आहे. ईयोबाच्या मित्रांची बरीच वाक्ये सुटी काढून पाहिली तर प्रवचनात शोभतील अशी आहेत. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले तोवर त्यांचे काही चुकले नव्हते, आणि पुस्तकाच्या अखेरीस देवाचा कोप भडकतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर त्यांच्यावर. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली तेव्हा आणि जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी पृच्छा केली तेव्हाही येशूने पापाचा हिशेब मांडण्यास नकार दिला. पौलाने आपल्या देहातील काट्याचा अर्थ लावला, परंतु तो स्वतःच्या काट्याचा, आणि तोही तीनदा सुटकेची विनवणी केल्यानंतर. आपल्या दुःखाला शिस्त म्हणण्याचा हक्क सोसणाऱ्याचा आहे. शेजारी बसलेल्याने तो शब्द त्याच्या आधी उच्चारला की त्याचा निवाडा होतो.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेले, 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी निवर्तले, आणि पदरी तान्ही मनोरमा उरली. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, परंतु त्यांची स्वतंत्र विचारशक्ती हा तेथील काहींना दुरुस्त करण्याजोगा अहंकार वाटला; तेथल्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी देवापुढे वाकणे आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे वाकणे यांतील अंतर नम्रपणे, पण तसूभरही न हटता राखले. त्यांनी आपल्या आयुष्याची संगती स्वतः लावली, ती 1907 च्या साक्षीत आहे. मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा मात्र उपाशी मुलींना भुकेचा आध्यात्मिक अर्थ समजावण्याऐवजी त्यांनी त्या मुलींना आपल्याकडे आणले, आणि केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ सदनात त्यांना अन्न, निवारा, अक्षरे आणि कामधंदा मिळाला.

इब्री पत्रातील बारावा अध्यायही शिस्तीचे विवेचन संपताच असाच वळतो, आणि प्रवचनांत नेमका हाच भाग बहुतेकदा राहून जातो. गळालेले हात आणि लटपटते गुडघे सावरा, असे सांगून लेखक पायाखालच्या वाटा सरळ करायला लावतो, कारण वाट वाकडी राहिली तर लंगड्याचा पाय उखळेल. लंगड्याने लंगडणे सोसावे असे तो म्हणत नाही. वाट नीट करण्याचे काम तो चालू शकणाऱ्यांकडे सोपवतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, फारसे न शिकलेल्या स्त्रियांनाही कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरवण्याचे काम उतारवयापर्यंत चालवले. 1921 मध्ये मनोरमा गेली, 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि ते भाषांतर ‘मुक्ती’च्याच छापखान्यातून 1924 मध्ये पूर्ण छापून बाहेर पडले.