गेटपास कोण छापतो?

छावणीच्या गेटवर पहारेकरी पास बघतो. पण पास छापायचा अधिकार कोणाला, हे आधीच ठरलेलं असतं. ब्राउझरमध्ये रूट सर्टिफिकेट बसवणं म्हणजे तो छापखानाच एखाद्याच्या हाती देणं.

२०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार कंपनीत हॅकर घुसले. त्यांनी गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट काढलं आणि इराणमधल्या जीमेलवाल्यांवर पाळत ठेवली गेली. बऱ्याच ब्राउझरना सगळं ठीक दिसत होतं.

पेन्शनच्या घाईत मीही एकदा न वाचता 'होय' दाबलं. रात्रभर झोप नाही. सकाळी सेटिंग्जमधल्या यादीतून ते काढून टाकलं.

म्हणून बसवण्याआधी संस्थेच्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन लावा. फिंगरप्रिंटचं एकेक अक्षर जुळवा. जुळलं नाही, तर प्रवेश नाही.

जय हिंद.