बेल मीडची पागा

श्रोतेहो, १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आपण नागपूरकर जाणतोच. ज्या गुलामगिरीपायी ती पेटली, तिच्यावर उभे राहिलेले एक घराणे आज आपण पाहू.

टेनेसीत नॅशव्हिलजवळ १८०७ साली जॉन हार्डिंगने बेल मीडची जमीन घेतली. त्याचा मुलगा विल्यम जाइल्स याने १८३९ पासून कारभार पाहिला आणि तिथली घोड्यांची पागा नावारूपाला आणली. १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजेने त्याला कैद केले, तेव्हा पत्नी एलिझाबेथने मळा राखला. पुढे सेलीन आणि मेरी या दोन्ही लेकी जॅक्सन घराण्यातल्या दोघा भावांना दिल्या. त्यांतला एक जावई सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. १८८६ मध्ये हार्डिंग वारला.

या पागेतला नामांकित मोतद्दार बॉब ग्रीन. लहानपणी गुलाम म्हणून आलेला हा माणूस मुक्तीनंतर पगार घेऊन पागेचा प्रमुख झाला. घोड्याची पारख करावी ती त्यानेच!

हार्डिंगच्या शिंगरांची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या नावानिशी लिहिलेली सापडते. त्याच्या पदरी मात्र १८६० साली १३६ गुलाम होते, आणि त्या वर्षीच्या खानेसुमारीत त्यांची नावे नाहीत. आहे ते फक्त वय, लिंग आणि वर्ण. घराण्यांचा इतिहास वाचताना आम्ही हा कोरा रकाना आधी पाहतो. आपणही पाहावा, एवढीच विनंती.