घरच्या घरी हवा गाळणारी पेटी
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी बँकेत लिपिक आहे. बी. ए. झालो, तेही मराठी विषय घेऊन. तेव्हा पंखा, गाळणी आणि धूलिकण यांवर मी बोलायला उभा राहिलो याचे तुम्हाला जेवढे नवल वाटत असेल, तेवढेच मलाही वाटते. परंतु गरज पडली की माणूस शिकतो. आमच्या घरात जी गरज पडली ती तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आज आहे, म्हणून हे चार शब्द.

आमची खोली दहा फूट बाय बारा फूट. दोन वर्षांपूर्वी समोरची जुनी इमारत पाडली आणि नव्या बांधकामाला सुरुवात झाली. मुंबई महापालिकेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बांधकामाच्या धुळीबाबत नियम काढले आहेत. पत्र्याचे उंच कुंपण, हिरवे कापड, पाण्याची फवारणी असे सारे त्यात आहे. आमच्या समोर कुंपण होते, फवारणी मात्र मनात आली तर. माझी आई एकाहत्तर वर्षांची, तिला जुना दमा. थंडीच्या दिवसांत ती रात्री दोन-तीनदा उठून भिंतीला टेकून बसायची. "तू झोप रे, सकाळी तुला कामावर जायचंय," एवढेच म्हणायची. पण ज्याची आई अशी बसलेली आहे त्याला झोप कशी येणार?

डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण खोलीतली हवाही बघा. दुकानात हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची किंमत विचारली आणि परत आलो. मुलीच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती.

आता थोडे समजून घेऊ. आपण ज्याला धूळ म्हणतो ती डोळ्यांना दिसते, नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. खरा त्रास देणारे कण दिसतच नाहीत. त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या देशाचे २००९ चे मानक ६० आहे. बँकेतल्या एका सहकाऱ्याकडून मी कण मोजण्याचे छोटे यंत्र उसने आणले. डिसेंबरच्या एका रात्री खिडकी बंद असताना आमच्या खोलीत आकडा होता ११०.

हे कण पकडणारी गाळणी असते, तिला हेपा फिल्टर म्हणतात. अमेरिकेत १९४० च्या दशकात अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी तिचा विकास झाला. अतिशय बारीक तंतूंचा घड्या घातलेला तो कागद असतो. मला वाटायचे, ती चहाच्या गाळणीसारखी असेल, छिद्रापेक्षा मोठा कण अडकायचा आणि लहान निघून जायचा. तसे नाही. मोठे कण तंतूंवर आदळून चिकटतात आणि अगदी लहान कण हवेत वेडेवाकडे भरकटत असल्यामुळे तंतूंना जाऊन चिकटतात. पकडायला सगळ्यांत कठीण ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून हेपाची परीक्षा त्याच मापावर घेतात आणि तिथे तो ९९.९७ टक्के कण अडवतो.

म्हणजे यंत्रात असते काय? एक पंखा आणि एक गाळणी. हे ओळखून २०१३ मध्ये, बीजिंगची हवा अतिशय बिघडली असताना, तिथे शिकणाऱ्या थॉमस टॅलहेम या अमेरिकन तरुणाने साध्या पंख्याला हेपा फिल्टर बांधला. पुढे २०२० मध्ये कोविडच्या काळात अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी या प्राध्यापकांची कल्पना आणि जिम रोझेंथल या फिल्टर-व्यावसायिकांचे हात यांतून एक पेटी तयार झाली. चार बाजूंना मर्व्ह-१३ प्रतीचे चार फिल्टर, तळाला पुठ्ठा, वर चौकोनी पंखा आणि सगळे चिकटपट्टीने बांधलेले. मर्व्ह-१३ हेपाइतका बारीक नसतो, पण हवा चारही बाजूंनी आत येते, पंख्यावर ताण कमी पडतो आणि तीच हवा पुन्हा पुन्हा गाळली जाते. एकदाच कडक गाळण्यापेक्षा अनेकदा बऱ्यापैकी गाळणे हे त्यातले मर्म. त्यांनी हा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. शाळांतल्या मुलांनी अशा पेट्या बनवल्या.

मी आधी घरच्या टेबल फॅनला मागून फिल्टर सुतळीने बांधला. तासाभराने आकडा ११० वरून ९८ वर आला, आणि मी खूश! मुलगी म्हणाली, "पप्पा, पंखा गोल आहे नि फिल्टर चौकोनी. कोपऱ्यांतून हवा तशीच जातेय." तिचे बरोबर होते. तिजोरीला सात कुलुपे लावायची आणि मागची भिंत उघडी ठेवायची, असा तो प्रकार. हवा नेहमी सोपी वाट धरते. फिल्टर कितीही चांगला असो, बाजूला बोटभर फट राहिली की कष्ट वाया.

दुसऱ्या वेळी नीट केले. प्लायवूडची पेटी घेतली. समोरासमोरच्या दोन बाजूंना चौकोनी भोके पाडून तयार यंत्रांसाठी सुटे मिळणारे दोन हेपा फिल्टर बसवले. वरच्या बाजूला बारा इंची एक्झॉस्ट फॅन असा लावला की तो पेटीतली हवा ओढून वर फेकेल. फिल्टरवर बाण असेल तर तो आतल्या दिशेने हवा. सर्व सांधे चिकटपट्टीने बंद केले. मग पंखा चालू करून सांध्यांपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरली. जिथे ती आत ओढली गेली तिथे फट होती, तिथे पुन्हा पट्टी चिकटवली. पंख्यावर जाळी आणि तीन पिनांचा प्लग वायरमनकडून लावून घेतला. इथे हौस नको. एकूण खर्च सुमारे साडेचार हजार रुपये. दहा तासांना वीज अर्ध्या युनिटच्या आसपास.

बँकेची सवय म्हणून मी वही ठेवली. त्या रात्री सुरुवातीला आकडा ११२. वीस मिनिटांनी ५४. चाळीस मिनिटांनी ३१. त्याखाली तो फारसा गेला नाही, कारण आमची खिडकी जुनी आणि फटी पुष्कळ. पण ११२ आणि ३१ यांतले अंतर आईच्या छातीला कळले. त्या आठवड्यात ती उठली नाही असे मी म्हणणार नाही. तीनदा उठणारी एकदा उठू लागली. औषध चालूच होते, ते आम्ही एक दिवसही बंद केले नाही आणि तुम्हीही करू नका.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. सकाळी सात वाजता वहीतला आकडा एकदम अडीचशेवर जायचा. मी बांधकामाला दोष देत राहिलो. मग लक्षात आले की त्या वेळी बांधकाम बंदच असते. त्या वेळी आई बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेपुढे अगरबत्ती लावते. तिला हे कसे सांगायचे? दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी यंत्र तिच्या हातात दिले. ती आकडा वाढताना बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या खोकल्याला मीच काडी लावत होते की!" तेव्हापासून अगरबत्ती बाहेर गॅलरीत आणि प्रतिमेपुढे फुले. मच्छर अगरबत्तीही बंद केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात असे आढळले होते. आता मच्छरदाणी लावतो. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी उघडतो आणि झाडू मारण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसतो. धूर आत करायचा आणि मग पेटीने गाळत बसायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार.

या पेटीने काय होत नाही तेही सांगायला हवे. ती वायू गाळत नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो, तिथे पेटीचा काही उपयोग नाही. खोलीत माणसे दाटीने बसली तर श्वासाने कोंदटलेली हवाही ती बदलत नाही, त्यासाठी खिडकीच उघडावी लागते. बाहेर धूळ कमी असेल ती वेळ हेरून आम्ही रोज खिडकी उघडतो. हेपा फिल्टर पाण्याने धुवायचा नाही, धुतला की संपला. बसवल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी. काळा पडला, आकडा पूर्वीइतका उतरेना, की बदलावा.

शेवटी एक विनंती. आपली अभ्यासिका हमरस्त्याला लागून आहे. रात्री अकरापर्यंत तिथे मुले स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात आणि रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर त्यांच्या पुस्तकांवर बसतो. ती खोली वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, दहा फूट उंच, म्हणजे तीन हजार घनफूट. उंची तेवढीच धरली तर माझी खोली बाराशे घनफूट भरते. म्हणजे अडीच पट. अशा तीन पेट्या पुरतील, खर्च साडेतेरा हजार. एका पेटीचे साहित्य मी देतो. उरलेल्या दोन पेट्यांचा विचार कार्यकारिणीने करावा. बांधायचे काम मुलांनीच करावे, मी सोबत बसेन. आणि विहारात आत लावण्याच्या मेणबत्त्या-अगरबत्त्यांबाबत महिला मंडळाने माझ्या आईशी एकदा बोलून पाहावे. ती माझ्यापेक्षा चांगले समजावते.

रस्त्यावर झाडू मारणाऱ्या, बांधकामावर सिमेंट कालवणाऱ्या आपल्याच माणसांना ही पेटी बरोबर नेता येत नाही, याची मला जाणीव आहे. त्यांच्यासाठी धूळ उठते तिथेच दाबली पाहिजे, आणि त्यासाठी नियम पाळायला लावणारे अर्ज आपण लिहिलेच पाहिजेत. अर्ज लिहायलाही मी तयार आहे, ते तर माझे रोजचे काम. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्रीची झोप मिळाली तर ती का मिळू नये?